मुलांना कोण सांगणार?

चि. मुक्तास,


बाल्टिमोरला कर्करोग झालेल्या आई-वडिलांच्या मुलांसाठी तू काम करू लागलीस, याचा मला फार अभिमान वाटतो. पण ‘इथली आफ्रिकी-अमेरिकी कुटुंबं डॉक्टरांवर विश्वासच ठेवत नाहीत,’ हे तुझं वाक्य खटकलं.

तुझ्याच शहरातल्या जॉन्स हॉपकिन्स रुग्णालयात 1951 साली हेन्रिएटा लॅक्स ही आफ्रिकी-अमेरिकी बाई गर्भाशयमुखाच्या कर्करोगाने गेली. वय अवघं 31. त्यांच्या पेशी न विचारता घेतल्या आणि त्यांवर जगभर संशोधन झालं, हे तू शिकली असशील. मला मात्र त्यांच्या पाच लेकरांचं वाईट वाटतं. धाकटं जेमतेम वर्षाचं होतं. आईच्या पेशी अजून वाढताहेत, हे घरच्यांना कळायला वीसेक वर्षं लागली. पुढे संशोधकांनी मुलांचंही रक्त घेतलं. मुलगी डेबोरा तेव्हा ऐन विशीत होती. तिला वाटलं, आईचा रोग आपल्याला आहे का ते बघताहेत. ती निकालाची वाट बघत राहिली. रक्त हवं होतं ते पेशींच्या अभ्यासाला! त्या पोरीला हे समजेल असं सांगायला कुणालाच सवड नव्हती, याचा मला आजही संताप येतो.

तेव्हा एखादी आई संमतीपत्रावर सही करताना थबकली, तर तिला अडाणी समजू नकोस. कागद खाली ठेव आणि तिच्या शंका ऐक.

मोठ्यांना नुसत्या नावाने हाक मारू नकोस. अलाबामाच्या कोर्टात ‘मेरी’ म्हणून पुकारलं, तेव्हा कृष्णवर्णीय कार्यकर्त्या मेरी हॅमिल्टन यांनी ‘मिस हॅमिल्टन’ म्हटल्याशिवाय उत्तर द्यायला नकार दिला. त्यासाठी झालेली शिक्षा सुप्रीम कोर्टाने 1964 मध्ये रद्द केली. आजच्या आज्यांच्या आठवणीतला काळ आहे हा.

आजी, मावशी, चर्चमधली माणसं खोलीत असतील तर त्यांना बाहेर काढू नकोस. मुलांना शाळेतून आणणारी, जेवू घालणारी बहुधा तीच असतात. आर्कान्साच्या ‘विटनेस प्रोजेक्ट’मध्ये तर कर्करोगातून वाचलेल्या कृष्णवर्णीय स्त्रिया चर्चमध्ये उभ्या राहून आपली हकीकत सांगत, आणि बायका तपासणीला तयार होत.

मुलांना कधी आणि कोणी सांगायचं, ते घरातल्यांना ठरवू दे. पण ठरवायला मात्र लाव. ‘माझ्यामुळे झालं का? मलाही होईल का?’ हे मूल कधीतरी विचारणारच. त्याचं उत्तर आईला आधी सुचत नसेल, तर तिच्याशेजारी बसून तिच्याच शब्दांत जुळवून दे.

तुझी,
आत्या