पाच शब्द पुरेत

शास्त्रपाठ : १ करिंथ १४:६-१९



बंगळुरूच्या दक्षिण भागात बसवनगुडी नावाची जुनी वस्ती आहे. ‘गुडी’ हा शब्द कानी पडताच आपल्या मराठी मनासमोर पाडव्याची गुढी उभी राहते. परंतु कानडीत गुडी म्हणजे देऊळ आणि बसव म्हणजे बैल. एका अखंड शिळेतील नंदीच्या देवळावरून वस्तीला हे नाव पडले. कार्तिकातील शेवटच्या सोमवारी तेथे भुईमुगाच्या शेंगांची मोठी जत्रा भरते. कानी पडलेला शब्द आणि मनाला कळलेला अर्थ यांत किती अंतर असू शकते, याचा धडा मला याच वस्तीत मिळाला.

तेथील एका मराठी ख्रिस्ती कुटुंबात मी काही दिवस पाहुणा होतो. आजी मराठी पवित्र शास्त्र वाचीत; नातू इंग्रजी शाळेत शिकलेला, इंग्रजी उपासनेत वाढलेला. एके संध्याकाळी तो खिन्न होऊन घरी आला. त्याच्या कानडी मित्राचे वडील नुकतेच वारले होते. मित्राने त्याला विचारले होते, “तू नेहमी म्हणतोस, मी ‘सेव्ह्ड’ आहे. म्हणजे तुझे नेमके काय झाले?” नातवाने ‘ग्रेस’, ‘रिडेम्प्शन’, ‘जस्टिफिकेशन’ हे सारे शब्द व्याख्यांसह सांगितले. मित्र म्हणाला, “इंग्रजी मलाही येते. मी तुझ्याविषयी विचारले.” त्यावर आमच्या या तरुणाला काहीच सुचले नाही.

आजींनी सारे ऐकून घेतले आणि आपल्या हातातील बांगड्या पुढे केल्या. “तुझे आजोबा आजारी पडले, तेव्हा या सावकाराकडे तारण ठेवल्या होत्या. बांगड्या माझ्याच, पण हातात नव्हत्या. त्या आपल्या पायांनी चालत घरी येणार होत्या का? आजोबांनी बरे झाल्यावर दोन वर्षे रात्रपाळी केली, पैसे भरले आणि सोडवून आणल्या. मी देवाचीच होते, बाळा. पण पापाकडे गहाण पडले होते. प्रभूने किंमत भरून मला सोडवून आणले.”

वाचकहो, ‘रिडीम’ या शब्दाच्या मुळाशी असलेल्या लॅटिन शब्दाचा अर्थही ‘परत विकत घेणे’ असाच आहे. गहाण वस्तू सोडविण्यास इंग्रजीत आजही तोच शब्द चालतो. म्हणजे दोष इंग्रजीचा नव्हे. आपली मराठी तरी कोठे सुटली आहे? मार्क १०:४५ मध्ये प्रभूच्या प्राणार्पणास ‘खंडणी’ म्हटले आहे. आज तो शब्द ऐकून गुन्हेगारांच्या बातम्या आठवतात. नाणे हातोहात फिरून झिजावे, तसे आपल्या ओठांवर फिरून शब्द झिजतात.

इंग्रजीत ‘बिलीफ’ आणि ‘फेथ’ असे दोन शब्द आहेत. आपण दोहोंस ‘विश्वास’ म्हणतो. परंतु विश्वास असणे वेगळे आणि विश्वास टाकणे वेगळे, हे मराठी माणसास शिकवावे लागत नाही. देव आहे एवढे तर भुतेही मानतात, आणि भीतीने कापतात, असे याकोब सांगतो (२:१९). तसेच ‘कन्व्हर्शन’. आपण त्यास धर्मांतर म्हणतो आणि नोंदवहीतील बदल डोळ्यांसमोर आणतो. त्याच्या मूळ लॅटिन शब्दात मात्र वळणे आहे. माझे नाव कोणत्या वहीत आहे यापेक्षा माझे तोंड कोणाकडे वळले आहे, हा प्रश्न अधिक कठीण आहे.

फादर थॉमस स्टीफन्स जन्माने इंग्रज. १५७९ साली ते गोव्यात आले आणि त्यांनी ख्रिस्ताची कथा मराठी ओवीत सांगितली. सुमारे ११,००० ओव्यांचे ते ‘ख्रिस्तपुराण’ १६१६ मध्ये रायतूर येथे छापले गेले. पंडिता रमाबाई इंग्रजीत निष्णात. तरीही इब्री व ग्रीक शिकून, साध्या बायाबापड्यांना कळावे म्हणून त्यांनी सोप्या मराठीत पवित्र शास्त्राचे भाषांतर केले. १९२२ साली त्या प्रभूकडे गेल्या. संपूर्ण ग्रंथ १९२४ मध्ये प्रसिद्ध झाला. ऐकणाऱ्याचे अंतःकरण जेथे आहे तेथवर दोघेही चालत गेले. मंडळीत न कळणाऱ्या दहा हजार शब्दांपेक्षा समजणारे पाच शब्द बोलणे पौलाला बरे वाटले, ते याच कारणाने.

दुसऱ्या दिवशी नातू पुन्हा मित्राकडे गेला. बराच वेळ तो नुसता त्याच्याजवळ बसला. मग अर्ध्या कानडीत, अर्ध्या इंग्रजीत त्याने आजीच्या बांगड्यांची गोष्ट सांगितली. मित्र म्हणाला, “आता कळले, तू काय म्हणत होतास ते.” एवढेच झाले, पुढचे काम प्रभूचे.

प्रिय वाचका, शोकात बसलेल्या शेजाऱ्याने उद्या तुला हाच प्रश्न विचारला तर? या आठवड्यात ‘तारण’ हा शब्द न वापरता, प्रभूने तुला कशातून सोडविले ते आपल्या घरच्या भाषेत एकदा सांगून पाहा. शब्द सुचले नाहीत तर लाजू नको, गुडघे टेक. कदाचित शब्द नव्हे, अनुभवच पुन्हा मागून घ्यावा लागेल. मागणाऱ्यास तो विन्मुख पाठवीत नाही.

हे प्रभू, आमच्या ओठांवरचे शब्द आमच्या अंतःकरणातून येऊ दे. आमेन.