कॅमेऱ्यासमोरची त्वचा

दूरवैद्यक म्हणजे रुग्ण आणि डॉक्टर एका जागी नसताना फोन, छायाचित्र किंवा व्हिडिओ संवादाच्या साहाय्याने दिलेला वैद्यकीय सल्ला. हृदय किंवा यकृत डोळ्यांना दिसत नाही, त्वचा मात्र दिसते. त्यामुळे ही पद्धत त्वचारोगांच्या बाबतीत सर्वांत सहज रुजेल, अशी अपेक्षा गेली तीन दशके व्यक्त होत आली आहे. या पद्धतीचे दोन मुख्य प्रकार आहेत. पहिल्यात छायाचित्रे व माहिती साठवून पाठवली जाते आणि डॉक्टर ती सवडीने पाहतात. दुसऱ्यात रुग्ण व डॉक्टर पडद्यावर समोरासमोर बोलतात. भारतात या व्यवहाराला नियमांची चौकट मिळाली ती 25 मार्च 2020 रोजी, कोविडच्या टाळेबंदीच्या पहिल्याच दिवशी. तेव्हा प्रसिद्ध झालेल्या मार्गदर्शक तत्त्वांनी दूरच्या सल्ल्याला मान्यता दिली, पण त्याचबरोबर डॉक्टरची जबाबदारी प्रत्यक्ष तपासणीइतकीच राहील, हेही बजावले.

निरनिराळ्या देशांतील पाहण्यांमध्ये एक गोष्ट वारंवार दिसून आली आहे: रुग्ण दूरच्या सल्ल्याबाबत बहुधा समाधानी असतात, तर डॉक्टर हातचे राखून त्याचे स्वागत करतात. रुग्ण नव्या विचाराचे आणि डॉक्टर जुन्या वळणाचे, असा या तफावतीचा अर्थ लावणे चुकीचे ठरेल. रुग्ण वाचलेला वेळ, प्रवास आणि संकोच मोजतो. डॉक्टर नजरेतून काय निसटले असेल, ते मोजतो. हे दोन्ही हिशेब खरे आहेत, आणि ते कोठे जुळू शकतात हे पाहण्यासाठी भिवंडीच्या यंत्रमाग पट्ट्यातील नारपोलीसारखी वस्ती विचारात घेणे उपयुक्त ठरते.

मागावर ताणलेले सूत कोरड्या हवेत तुटते, म्हणून मागाच्या शेडमध्ये दमटपणा लागतो. त्यात पत्र्याचे छप्पर, हवेत तरंगणारी कापसाची तूस, बारा-बारा तासांची पाळी आणि घामाने अंगाला चिकटलेले कपडे यांची भर पडते. उत्तर प्रदेश, बिहार, तेलंगणातून आलेले अनेक कारागीर एकाच खोलीत दाटीवाटीने राहतात. दिवसपाळीचा माणूस उठला की रातपाळीचा त्याच अंथरुणावर टेकतो, आणि दोरीवरचा टॉवेल नेमका कोणाचा, हा प्रश्न फारसा कोणी विचारत नाही. गजकर्ण, म्हणजे बुरशीमुळे होणारा व कडेने गोलाकार पसरत जाणारा नायटा, आणि खरूज, म्हणजे त्वचेत बीळ करून राहणाऱ्या सूक्ष्म किड्यामुळे होणारी खाज, या दोन्ही आजारांना याहून पोषक परिस्थिती क्वचितच मिळेल. मजुरी विणलेल्या कापडाच्या मीटरवर मिळते, त्यामुळे रुग्णालयाच्या रांगेत गेलेला दिवस म्हणजे थेट बुडालेली कमाई असते. अशा माणसाला फोनवरचा सल्ला हवासा वाटतो, तो तंत्रज्ञानाच्या कौतुकापोटी नव्हे. जांघेतला नायटा भर रांगेत उभे राहून सांगण्यापेक्षा त्याचे छायाचित्र पाठवणे त्याला सोपे वाटते, हेही तितकेच खरे आहे.

मात्र याच माणसाच्या मनात संशयही असतो. डॉक्टरांनी हात लावला, उजेडात वळवून पाहिले, तरच आजार कळला, ही भावना आपल्याकडे खोलवर रुजलेली आहे आणि ती निराधार नाही. स्त्रियांच्या बाबतीत अडचण आणखी वाढते. घरातला फोन बहुधा नवऱ्याच्या किंवा मुलाच्या हाती असतो. अंगाच्या झाकलेल्या भागाचे छायाचित्र कोण काढणार, ते फोनमध्ये किती दिवस राहणार आणि कोणाच्या नजरेस पडणार, या प्रश्नांची उत्तरे मिळाल्याशिवाय संमती हा शब्द पोकळ राहतो. वैयक्तिक माहितीच्या संरक्षणाचा कायदा 2023 साली झाला, पण दहा बाय दहाच्या खोलीतला आडोसा कोणत्याही कायद्याने मिळत नाही.

डॉक्टरांची सावधगिरी समजून घ्यायची, तर पडद्यावर येणारे छायाचित्रच जवळून पाहिले पाहिजे. फ्लॅश मारला की नायट्याच्या कडेचे बारीक पापुद्रे चकाकून पांढरे होतात आणि उंचवटा सपाट दिसू लागतो. पिवळ्या दिव्याखाली लाली हरवते. सावळ्या त्वचेवर तर ती मुळातच तांबूस न दिसता करडी किंवा जांभळट दिसते. शेजारी मोजपट्टी किंवा निदान एखादे नाणे नसेल, तर चट्टा नखाएवढा की तळव्याएवढा, हे कळत नाही. खरवडून काढलेले पापुद्रे पोटॅशियम हायड्रॉक्साइडच्या थेंबात ठेवून सूक्ष्मदर्शकाखाली बुरशीचे तंतू शोधण्याची साधी चाचणीही कॅमेऱ्यातून करता येत नाही.

याहून मोठा अडथळा औषधाच्या दुकानातून येतो. दूरवैद्यकाची तुलना नेहमी त्वचारोगतज्ज्ञाच्या दवाखान्याशी केली जाते. कष्टकरी वस्तीत मात्र त्याचा खरा प्रतिस्पर्धी मेडिकलचा काउंटर असतो. तेथे चिठ्ठीशिवाय मिळणाऱ्या मलमात बऱ्याचदा बुरशीविरोधी औषधासोबत क्लोबेटासोलसारखे तीव्र स्टेरॉइड मिसळलेले असते. त्याने खाज दोन दिवसांत थांबते, पण त्वचेची प्रतिकारशक्ती दबल्यामुळे बुरशी आतल्या आत पसरते. केंद्र सरकारने 2018 साली अशा 14 स्टेरॉइडांच्या मलमांची चिठ्ठीविना विक्री रोखणारी अधिसूचना काढली, तरी ही सवय मोडलेली नाही. स्टेरॉइड लावलेल्या नायट्याचे वर्तुळ पुसट होते, लाली उतरते, आणि ज्या खुणांवर छायाचित्रातून निदान करायचे, त्याच खुणा नाहीशा होतात. मार्च 2020 च्या तत्त्वांमध्ये पहिल्याच व्हिडिओ भेटीत लिहून देता येण्याजोग्या औषधांचे उदाहरण म्हणून जांघेतल्या नायट्यावरील बुरशीविरोधी औषधाचा उल्लेख आहे, म्हणजे हा आजार साधा मानला गेला होता. त्याच वर्षी भारतातील चिवट नायट्यामागच्या बुरशीला ट्रायकोफायटॉन इंडोटिनी हे स्वतंत्र नाव मिळाले, आणि टर्बिनाफिन या एके काळच्या हुकमी औषधालाही तिचे अनेक वाण दाद देत नाहीत, हे स्पष्ट झाले. म्हणूनच त्वचेच्या छायाचित्राइतकेच, आजवर लावलेल्या मलमाच्या ट्यूबचे छायाचित्र मागवणे महत्त्वाचे ठरते.

कुष्ठरोगाच्या बाबतीत कॅमेऱ्याची मर्यादा सर्वांत ठळक होते. सार्वजनिक आरोग्याची समस्या म्हणून कुष्ठरोगाचे निर्मूलन झाल्याची घोषणा देशपातळीवर 2005 च्या अखेरीस झाली, तरी महाराष्ट्रात आजही नवे रुग्ण आढळतात. फिकट चट्टा छायाचित्रात सुरम्यासारखा, म्हणजे बुरशीमुळे उठणाऱ्या डागासारखा, किंवा साध्या कोरडेपणासारखा दिसू शकतो. फरक कळतो तो स्पर्शाने: रुग्णाला डोळे मिटायला सांगून चट्ट्यावर कापसाचे टोक किंवा बॉलपेन हलकेच टेकवायचे आणि कोठे लागले ते बोट ठेवून दाखवायला सांगायचे, कोपराजवळची नस जाड झाली आहे का, ते बोटांनी चाचपायचे. ही तपासणी चुकली, तर बोटे वाकडी होईपर्यंत कोणालाच काही कळत नाही. या आजाराच्या डागाने माणसे घराबाहेर काढली गेल्याचा इतिहास असलेल्या राज्यात डॉक्टरांच्या या भीतीला कातडीबचाव म्हणता येणार नाही.

यातून निघणारा निष्कर्ष असा, की मतभेदाचे मूळ अंतरात नसून रुग्णाच्या बाजूला प्रशिक्षित हात नसण्यात आहे. नोव्हेंबर 2019 मध्ये सुरू झालेल्या ई-संजीवनी या सरकारी सेवेच्या एका प्रकारात रुग्ण आरोग्य केंद्रात बसतो, तेथील आरोग्य अधिकारी त्याला तपासतो आणि दूरच्या तज्ज्ञाशी जोडून देतो; दुसऱ्या प्रकारात, जो एप्रिल 2020 पासून आला, रुग्ण घरूनच एकटा जोडला जातो. त्वचारोगांसाठी, आणि विशेषतः नारपोलीसारख्या वस्तीसाठी, पहिला प्रकारच श्रेयस्कर आहे. राज्यात सुरू झालेल्या 'आपला दवाखाना' केंद्रांतून किंवा आशा सेविकेच्या मदतीने ठरावीक क्रमाने काम होऊ शकते: पडद्याआड, दिवसाच्या उजेडात, एक लांबून व दोन जवळून अशी छायाचित्रे, लावलेल्या मलमांची नोंद, फिकट चट्टा असल्यास संवेदनेची तपासणी, आणि खोलीत आणखी कोणाला खाज आहे का, याची चौकशी, कारण खरजेत सर्वांवर एकाच वेळी उपचार झाले नाहीत तर औषध वाया जाते. वेळ पाळ्या बदलण्याच्या सुमाराची असावी आणि बोलणे हिंदी, तेलुगू अशा रुग्णाच्या भाषेत व्हावे.

अशा व्यवस्थेत रुग्णाला हवा असलेला स्पर्श मिळतो आणि डॉक्टरला हवी असलेली खात्रीही. मात्र तिची एक अट टाळता येणार नाही: डॉक्टरने 'प्रत्यक्ष या' म्हटले, तर रुग्णाला शहरातल्या इंदिरा गांधी स्मृती रुग्णालयात ठरलेल्या दिवशी, ठरलेल्या वेळी, पुन्हा रांगेत न अडकता तपासून घेता आले पाहिजे. तो मार्ग खुला नसेल, तर डॉक्टर शंका असतानाही फोनवरच औषध लिहून मोकळा होईल आणि रुग्ण पुन्हा मेडिकलच्या काउंटरकडे वळेल. म्हणून दूरवैद्यकाचे यश किती फोन झाले यावर मोजू नये; ज्यांना प्रत्यक्ष बोलावले त्यांपैकी किती जणांची तपासणी खरोखर झाली, यावर ते मोजावे. त्या आकड्याची जबाबदारी आरोग्ययंत्रणेने उघडपणे स्वीकारली, तरच रुग्णाचे समाधान आणि डॉक्टरची सावधगिरी एकमेकांना पूरक ठरतील.