सोसणे आणि वळून पाहणे

इंग्लंडमधल्या शाळांनी मुलांमध्ये 'ब्रिटिश मूल्ये' रुजवावीत, असे सरकारने २०१४ साली बजावले. लोकशाही, कायद्याचे राज्य आणि व्यक्तिस्वातंत्र्य यांच्या जोडीला त्यात वेगळ्या धर्मश्रद्धांच्या लोकांविषयी 'रिस्पेक्ट' आणि 'टॉलरन्स' आले. हे दोन शब्द आपण एका दमात वाचतो, पण त्यांची मुळे एक नाहीत.

'टॉलरन्स' लॅटिन 'तोलेरारे'पासून आला. त्याचा अर्थ ओझे पेलणे, सोसणे. आपली 'तुला' आणि 'तोलणे' त्याच कुळातले. 'सहिष्णुता'सुद्धा 'सह्' म्हणजे सोसणे या धातूतून निघते. 'रिस्पेक्ट'मध्ये मात्र 'स्पेकेरे' म्हणजे पाहणे आहे आणि संस्कृत 'पश्यति' त्याचा भाऊबंद. आधीचा 'रे' हा उपसर्ग म्हणजे मागे किंवा पुन्हा. 'इन्स्पेक्ट' म्हणजे आत पाहणे, तर 'रिस्पेक्ट' म्हणजे वळून पाहणे.

अर्थात मूळ म्हणजे आजचा अर्थ नव्हे. 'नाइस'चे मूळ 'नेस्कियुस', म्हणजे अज्ञानी. म्हणून शेजारणीने 'नाइस' म्हटले तर रागवायचे कारण नाही. व्युत्पत्तीने काही सिद्ध होत नाही. ती फक्त प्रश्न विचारते.

तोच प्रश्न इथल्या इतिहासातही आहे. १६८९ च्या टॉलरेशन ॲक्टने चर्च ऑफ इंग्लंडबाहेरच्या बहुतेक प्रोटेस्टंटांना आपल्या पद्धतीने उपासना करू दिली, कॅथलिकांना नाही. ज्यांना मुभा मिळाली त्यांच्याही वाटेत सरकारी पदांसाठी कायद्याची आडकाठी १८२८ पर्यंत राहिली. म्हणजे घरात येऊ दिले, पण पंगतीत पाट मांडला नाही.

सोसणे कमी मोलाचे नाही. न पटणाऱ्या माणसाला सुखाने जगू देणे ही शेजारधर्माची पहिली पायरी आहे, आणि ती नसली की काय होते हे आपण जाणतो. पण सोसणाऱ्याला समोरच्याकडे पाहावे लागत नाही. मान खाली घालूनही ओझे वाहता येते.

इथल्या समाजाने आपल्याला नुसते सोसू नये, नीट पाहावे, अशी आपली अपेक्षा असते आणि ती रास्त आहे. मग लेकीने दुसऱ्या धर्माचा, वर्णाचा किंवा जातीचा जोडीदार निवडला की आपण काय म्हणतो? 'चालवून घेऊ.' त्या मुलाचे आईवडील काय करतात, त्यांच्या घरी सण कसा होतो, त्याला कशाचे हसू येते, हे विचारायला आपण किती वर्षे लावतो?