खाडी आडवी येते तेव्हा

कोकणचा किनारा कुणाला सरळ जाऊ देत नाही. अलिबागवरून मुरुडपर्यंत यावं, तर पुढे राजपुरीची खाडी. ती ओलांडून श्रीवर्धन, हरिहरेश्वर मागे टाकावं, तर समुद्राला मिळायला आलेली सावित्री बाणकोटच्या किल्ल्याखाली ऐसपैस पसरलेली. दापोलीच्या खाली दाभोळला वाशिष्ठी, गुहागरच्या पुढे जयगडला शास्त्री. दर वेळी रस्ता पाण्याच्या काठाशी येऊन संपतो आणि गाडी बंद करून फेरीबोटीची वाट बघावी लागते. मुंबई-गोवा महामार्ग आतल्या बाजूने जातो. त्याने गेलं तर याच नद्या पुलावरून ओलांडल्या जातात आणि नावाची पाटी वाचून होईपर्यंत नदी मागे पडलेली असते. घाईच्या कामाला तोच रस्ता बरा. पण एकटीने, हाताशी थोडे दिवस ठेवून गोव्याकडे जायचं असेल तर मी किनाऱ्याने जाते, आणि तेही मुख्यतः या खाड्यांसाठी.

एकटं माणूस वाटेत खूप रमतगमत जात असेल असं वाटतं. माझा अनुभव उलटा आहे. गाडीत चार माणसं असली की कुणाला चहा हवा असतो, कुणाच्या पोटात ढवळतं, लहान मुलाला उतरायचं असतं. थांबणं आपोआप घडतं. एकटीला मात्र थांबायला कुणी सांगत नाही. हात स्टिअरिंगवर, गाणी सुरू, आणि मन म्हणत राहतं, अजून थोडं पुढे जाऊ, पुढच्या गावात बघू. अशी किती गावं मागे जातात! दुपारच्या जेवणानंतर हे धोक्याचंही असतं. डोळे जड होऊ लागले की शेजारी हाक मारायला कुणी नसतं, म्हणून त्या वेळी आंब्याच्या नाहीतर वडाच्या सावलीत गाडी घेऊन वीस मिनिटं झोपायचंच, हा नियम मी कधी मोडत नाही. पण झोपेसाठी थांबणं वेगळं आणि गावासाठी थांबणं वेगळं. ते दुसरं मला खाडीने शिकवलं.

दाभोळच्या जेटीवर बोट पलीकडे असली की काही करता येत नाही. पाणी बघायचं, एवढंच. एप्रिलात आंब्याच्या पेट्यांचा टेम्पो पुढे उभा असतो, मागे लग्नाला निघालेलं अख्खं घर, बाजूला दुचाकीवर पलीकडच्या शाळेत जाणारे मास्तर. बोट लागली की तिथली मुलं हाताने इशारे करत गाड्या अंगाला अंग लावून उभ्या करतात आणि मग सगळेच खाली उतरून कठड्याशी येतात. महामार्गावर ही माणसं एकमेकांना ओव्हरटेक करून गेली असती. इथे पाणी कापलं जाईपर्यंत ती शेजारी आहेत. कुठून आलात, कुठे जाणार, गुहागरला व्याडेश्वराचं दर्शन घ्या, पुढे हेदवीचा दशभुज गणपती चुकवू नका. मला वाटेतली कितीतरी ठिकाणं अशी कठड्याला टेकून कळली आहेत.

आपल्याकडे असं वाटेत थांबत जाणं नवं नाही. आळंदीहून निघालेली ज्ञानोबांची पालखी पंढरपूरला पोचते ती मुक्कामांच्या साखळीने. सासवड, जेजुरी, वाल्हे, लोणंद, तरडगाव, फलटण ही नावं वारकऱ्याला पाठ असतात. चांदोबाच्या लिंबाला उभं रिंगण होतं, नीरेत माउलींच्या पादुकांना स्नान घडतं. ओढ पंढरीची असते, पण लिंबापाशी कुणी घाई करत नाही.

एकदा थांबायची सवय लागली की खाडीची गरज उरत नाही. हर्णै बंदरावर संध्याकाळी मासळीचा लिलाव बघायला मी थांबते. सुवर्णदुर्ग समोर पाण्यात, होड्या थोड्या आत उभ्या आणि मासळी आणायला बैलगाड्या थेट समुद्रात शिरलेल्या. बैलांच्या पोटाला पाणी लागतं तरी ते बिचकत नाहीत. मला काही विकत घ्यायचं नसतं. पण दिवसभर पाण्यावर राहिलेल्या माणसांच्या कष्टाचं मोल वाळूवर उभ्याउभ्या ठरताना बघावं, असं वाटतं.

रत्नागिरीत मी थिबा राजवाड्यापाशी थांबते. ब्रह्मदेशाचं राज्य १८८५ मध्ये इंग्रजांनी घेतलं आणि राजा थिबाला इथे आणून ठेवलं. हा वाडा १९१० च्या सुमारास बांधून झाला, आणि १९१६ मध्ये तो राजा रत्नागिरीतच वारला. वाड्यावरून खाडी आणि समुद्र दिसतो. मी हवी तेव्हा किल्ली फिरवून पुढे जाऊ शकते, याची किंमत त्या सज्जात उभं राहिल्यावर कळते. तीस वर्षं हेच पाणी बघणाऱ्या माणसाला पुढची वाट नव्हती.

तिथून पावस, पूर्णगड करत कशेळीला आले की रस्ता सड्यावर चढतो. जांभ्या दगडाचं ते काळपट, उघडं माळरान भर उन्हात रिकामं वाटतं. तिथेच जमिनीवर हजारो वर्षांपूर्वी कुणीतरी कोरलेला प्रचंड हत्ती आहे आणि त्याच्या अंगात इतर प्राण्यांच्या आकृत्या आहेत. कोकणातली अशी कातळशिल्पं २०२२ मध्ये युनेस्कोच्या संभाव्य वारसास्थळांच्या यादीत आली. शेजारून गेलं तरी दिसत नाहीत, जमिनीलगत असतात. गावातल्या माणसाला विचारलं की ती सहज सापडतात. मी अंगणात आमसुलं वाळत घालणाऱ्या एका आजींना विचारलं, तर आधी मलाच प्रश्न आला, “एकटीच आलीस काय गो? घरी ठाऊक आहे?” घरी ठाऊक आहे म्हटल्यावर त्यांनी पाणी दिलं, बसायला लावलं आणि मग नातवाला वाट दाखवायला धाडलं. एकट्या बाईला वाटेवर हा प्रश्न फार वेळा ऐकावा लागतो. त्यात कधी संशय असतो, तेव्हा मी बोलणं आवरतं घेऊन निघते. त्या आजींच्या प्रश्नात काळजी होती. सोबत चार जण असते तर त्यांनी काळजी केली नसती, आणि मीही नकाशा उघडून हत्ती शोधला असता.

रेवसपासून रेडीपर्यंतच्या सागरी महामार्गासाठी या खाड्यांवर पूल व्हायचे आहेत. ते व्हावेत, लवकर व्हावेत. रात्री फेरीबोट नसते आणि दुखणं रात्र बघून येत नाही. दाभोळसमोरच्या धोपाव्याच्या माणसाला पलीकडच्या दवाखान्यात न्यायचं तर चिपळूणपर्यंत आत जाऊन वळसा घालायला लावणारा रस्ता माझ्या आनंदासाठी तसाच राहावा, असं मी म्हणणार नाही.

पूल झाला की दाभोळला गाडी आपोआप थांबणार नाही. आदिलशाहीत या किनाऱ्यावरचं हे मोठं बंदर होतं. आजही तिथे बोटीच्या वेळेकडे लक्ष ठेवून लोक येतात आणि पाणी बघून निघून जातात. जवळच डोंगरात कोरलेल्या अंधाऱ्या गुहेत चंडिका आहे. आत समईच्या उजेडात वाकून जावं लागतं. खाडीच्या काठी जुनी, घुमटाची अंडा मशीद आहे. पूल सुरू झाल्यावर त्यावरून पहिल्यांदा जाईन तेव्हा मी अलीकडेच वळणार आहे: आधी चंडिका, मग मशीद, आणि मग रिकाम्या जेटीवरच्या टपरीवाल्याला विचारायचं की आता धंदा कसा चालतो.