जुनी व्हॅन: ठेवावी की सोडावी?

घरात जुनी गाडी असली की वर्षातून एक-दोनदा तरी हा प्रश्न उभा राहतो. गॅरेजवाला खर्चाचा आकडा सांगतो आणि रात्री जेवताना वाद सुरू होतो. एक जण म्हणतो, ‘इतका खर्च केलाच आहे, आणखी थोडा करू.’ दुसरा म्हणतो, ‘विकून टाका ते भंगार.’ दोघांचेही म्हणणे पटण्यासारखे असते. म्हणूनच या प्रश्नाकडे जरा शांतपणे पाहायला हवे.

आमच्या वसईच्या गावांत व्हॅन म्हटले की आधी आठवते ती मारुती ओम्नी. १९८४ साली ती बाजारात आली, १९८८ पासून ओम्नी या नावाने ओळखली जाऊ लागली आणि २०१९ साली तिचे उत्पादन थांबले. ७९६ सीसीचे लहान इंजिन, सरकती दारे आणि आत ऐसपैस जागा. सकाळी भाजीच्या पाट्या, दुपारी शाळेची मुले, रात्री-अपरात्री दवाखान्यात न्यायचा शेजारी आणि रविवारी मिस्साला निघालेले सगळे घर, असा संसार या गाडीने ओढला. आज त्यांतल्या कितीतरी गाड्या पंधरा वर्षांच्या पुढे गेल्या आहेत. खाऱ्या वाऱ्याने पत्रा गंजला आहे आणि स्पेअर पार्टसाठी दोन-तीन दुकाने फिरावी लागतात.

आधी पैशाचे बोलू. ‘आजवर इतका खर्च केला’ हे कारण आपण सर्वांत जास्त वेळा देतो. पण जो पैसा गेला तो गेला. गाडी ठेवली तरी तो परत येत नाही आणि सोडली तरी येत नाही. विचार करायचा तो पुढच्या खर्चाचा.

याच्या उलट बाजूचा हिशेबही तितकाच फसवा असतो. ‘गाडीची किंमत चाळीस हजार, मग तीस हजारांचे काम कशाला करायचे?’ असे आपण म्हणतो. पण तुलना जुन्या गाडीच्या किमतीशी करायची नसते. दुसरी गाडी घेतल्यावर जो खर्च येणार आहे, त्याच्याशी करायची असते. समजा, नव्या गाडीसाठी पाच लाखांचे कर्ज नऊ टक्क्यांनी पाच वर्षांसाठी काढले, तर महिन्याला साधारण १०,४०० रुपये हप्ता बसतो आणि सव्वा लाखाच्या आसपास नुसते व्याज जाते. तीस हजारांची दुरुस्ती म्हणजे जेमतेम तीन हप्ते. त्या दुरुस्तीने गाडी दोन वर्षे चालणार असेल, तर दुरुस्ती करणारा माणूस वेडा ठरत नाही. शेजाऱ्याने नवी गाडी घेतली म्हणून आपल्यालाही हवी, असे असेल तर तो खर्च गाडीवरचा नव्हे, मानावरचा आहे, हे निदान स्वतःशी तरी कबूल करावे.

जुनी गाडी ठेवण्याचाही खर्च वाढत चालला आहे, हेही खरे. खासगी गाडीची पहिली नोंदणी पंधरा वर्षांसाठी असते. पुढे दर पाच वर्षांनी गाडी पासिंगला न्यावी लागते आणि पर्यावरण कर भरावा लागतो. मोटारीच्या नूतनीकरणाची फी पूर्वी ६०० रुपये होती, ती एप्रिल २०२२ पासून ५,००० झाली. २०२५ साली वीस वर्षांवरच्या मोटारींसाठी ती १०,००० करण्यात आली. हे आकडेही हिशेबात धरायला हवेत.

पण हिशेब जुळला म्हणजे प्रश्न सुटला असे होत नाही. थकलेली गाडी आणि धोकादायक गाडी यांत फरक आहे. क्लच घासला, सेल्फ लागत नाही, इंजिन ऑइल पिते, ही थकव्याची लक्षणे. ब्रेक, स्टिअरिंग, गंजून सडलेला तळाचा पत्रा आणि मुदत संपलेली सीएनजीची टाकी, ही धोक्याची लक्षणे. इंजिन बिघडले तर गाडी थांबते. ब्रेक बिघडला तर ती थांबत नाही. पहिल्या बिघाडाने आपली मिस्सा चुकेल, दुसऱ्याने कुणाचा तरी जीव जाईल. तरीही आपण पहिल्या बिघाडावर तातडीने खर्च करतो, कारण त्याने आपले काम अडते. दुसऱ्याचे काम ‘पुढच्या महिन्यात बघू’ म्हणून पुढे ढकलतो. सीएनजीच्या टाकीची दाबचाचणी दर तीन वर्षांनी करून घ्यायची असते. आपल्यापैकी किती जणांना आपल्या टाकीवरची तारीख ठाऊक आहे?

आणखी एक मर्यादा आहे. दुरुस्तीने गाडी फार तर ती नवी होती तेव्हाच्या अवस्थेला पोहोचते, त्याच्या पुढे जात नाही. ओम्नीत इंजिन पुढच्या सीटखाली असते आणि चालकाच्या पायांपुढे जवळजवळ पत्राच असतो. कितीही चांगला मेकॅनिक असला, तरी तो तिच्यात एअरबॅग बसवू शकत नाही. नव्या मोटारींत चालकासाठी एअरबॅग जुलै २०१९ पासून सक्तीची झाली. म्हणून गाडी किती जुनी आहे याबरोबरच तिच्याकडून आपण काय काम घेतो, हेही विचारायला हवे. वाडीतून बाजारापर्यंत सावकाश भाजी नेणारी व्हॅन आणि मुलाबाळांना घेऊन अहमदाबाद महामार्गावर ट्रकांच्या रांगेत धावणारी व्हॅन, यांना एकच न्याय लावता येणार नाही.

काही जण म्हणतील, वस्तू टिकवून वापरणे हा तर सद्गुण आहे. आहेच. पोप फ्रान्सिस यांनी २०१५ सालच्या ‘लाउदातो सी’ या परिपत्रकात फेकून देण्याच्या वृत्तीवर टीका केली. वस्तू टाकून न देता पुन्हा वापरणे ही प्रेमाची कृती ठरू शकते, असेही त्यांनी म्हटले, मात्र योग्य कारणासाठी केली तर. ही अट महत्त्वाची आहे. नवी गाडी बनवायला लोखंड, वीज आणि पाणी लागते, म्हणून जुनी जपणे चांगले. पण जुनी गाडी धूर ओकत असेल, तर आपल्या काटकसरीची किंमत मागच्या स्कूटरवरचे लेकरू श्वासागणिक मोजत असते. अशी काटकसर दुसऱ्याच्या खर्चाने होते.

मग माया लावलेल्या गाडीचे काय? प्लुटार्क या ग्रीक लेखकाने थिसियसच्या जहाजाची गोष्ट सांगितली आहे. अथेन्सच्या लोकांनी त्या जहाजाच्या कुजलेल्या फळ्या एकेक करून बदलल्या आणि तत्त्वज्ञ वाद घालत बसले, की हे तेच जहाज की दुसरे? आपल्या व्हॅनचेही असेच असते. इंजिन उतरवून बांधलेले, दार दुसऱ्या गाडीचे, सीट नव्या. तरी आपण म्हणतो, ‘ही बाबांची गाडी.’ म्हणजे आपला जीव पत्र्यात नसतो, ज्यांनी ती कष्टाने घेतली आणि जे तिच्यात बसले, त्यांच्यात असतो. गाडी गेली म्हणून ती माणसे आपल्यापासून दुरावत नाहीत.

सर्वांत अवघड प्रश्न शेवटी येतो. आपली मुले बसवायला जी गाडी आपल्याला धोक्याची वाटते, तिला रंग मारून, गंज झाकून ती दुसऱ्याला विकावी का? घेणारा बहुधा आपल्यापेक्षा गरीब असतो. तो त्याच गाडीत त्याची मुले बसवणार असतो. थकलेली गाडी दोष सांगून, रास्त भावात विकण्यात काहीच गैर नाही. धोकादायक गाडी मात्र अधिकृत स्क्रॅप केंद्रात द्यावी आणि तिची नोंदणी रद्द करून घ्यावी. तिथे मिळणाऱ्या प्रमाणपत्रावर नव्या खासगी गाडीच्या रस्ता करात २५ टक्क्यांपर्यंत सवलत देण्याची तरतूद केंद्राच्या नियमांत आहे. विकलीच, तर आर. सी. बुकावरचे नाव बदलून घ्यावे. आरटीओत ज्याचे नाव आहे, तोच अपघाताच्या भरपाईला जबाबदार, असा निकाल सर्वोच्च न्यायालयाने २०१८ साली दिला आहे.

तेव्हा वाचकहो, पुढच्या वेळी गॅरेजमध्ये गेलो की ‘खर्च किती?’ एवढेच विचारून थांबू नये. मेकॅनिकला आणखी एक प्रश्न विचारावा, ‘या गाडीत तुम्ही तुमच्या मुलांना बसवाल का?’ तो लगेच ‘हो’ म्हणाला, तर दुरुस्ती करावी आणि निश्चिंत मनाने गाडी वापरावी. तो घुटमळला, तर घरी येऊन सर्वांनी एकत्र बसावे आणि त्याच आठवड्यात काय ते ठरवावे.