दोघांमधील तिसरी व्यक्ती

अंध व्यक्तीशी असलेल्या मैत्रीचा विचार दीर्घकाळ डोळस मित्राच्या बाजूनेच होत आला. त्याने किती मदत केली, किती वेळ दिला यावर त्या मैत्रीची थोरवी ठरली, आणि मदत घेणाऱ्यालाही मित्र म्हणून काही द्यायचे असते, काही गोष्टी त्या एकाच माणसाला सांगायच्या असतात, हे ध्यानात आले नाही. साहाय्यक तंत्रज्ञानाच्या, म्हणजे अपंगत्वामुळे अडणारे काम स्वतःचे स्वतः करता यावे म्हणून घडवलेल्या साधनांच्या, इतिहासात मात्र ही दुर्लक्षित बाजूच वारंवार पुढे येते.

इटलीतील पेलेग्रिनो टुरी याने एकोणिसाव्या शतकाच्या आरंभी कॅरोलिना फान्तोनी या दृष्टी गमावलेल्या मैत्रिणीसाठी कागदावर अक्षरे उमटवणारे यंत्र तयार केले. ते यंत्र आज उरलेले नाही, पण त्यावर तिने लिहिलेली काही पत्रे रेज्जो एमिलिया येथे जपलेली आहेत. अंध व्यक्तीचे पत्र तोवर लेखनिकाच्या हातून जाई आणि उत्तर आले की तेही कोणीतरी वाचून दाखवी. साहजिकच मनातले जे त्या तिसऱ्या व्यक्तीसमोर बोलण्याजोगे नसे, ते पत्रात उतरतच नसे. टुरीच्या यंत्राने यातला निम्मा अडथळा दूर केला, कारण पत्र लिहिण्यापुरती तरी तिसऱ्या माणसाची गरज उरली नाही.

पॅरिसच्या अंधशाळेत याच प्रश्नाला अधिक खोल उत्तर मिळाले. शाळेचे संस्थापक व्हॅलेंटिन आयुई यांनी रोमन अक्षरे कागदावर उठावदार छापून घेतली होती. ती बोटांनी वाचता येत, पण अंध विद्यार्थ्याला तशी लिहिता येत नसत, म्हणजे त्याने केवळ वाचक राहायचे, असे त्या योजनेतच गृहीत होते. त्याच शाळेतील अंध लुई ब्रेलने १८२९ साली प्रसिद्ध केलेल्या लिपीत सहा ठिपक्यांच्या मांडणीतून सगळी अक्षरे होत आणि पाटी व टोकदार लेखणी घेऊन ती लिहिताही येत. तरीही एक उणीव राहिली, ती अशी की ही लिपी न शिकलेल्या डोळस आप्तांना आणि मित्रांना तिच्यातले काही वाचता येत नसे. ब्रेलने १८३९ मध्ये नेहमीच्या अक्षरांचे आकार ठिपक्यांतून रचण्याची पद्धत मांडली, आणि पिएर फूको या त्याच्या अंध मित्राने १८४१च्या सुमारास तिच्यासाठी यंत्रच घडवले. त्यात दहा कळा होत्या. प्रत्येक कळ दाबली की एक ठिपका उमटे आणि अक्षराचा एकेक उभा थर रचत पुढे जावे लागे. काम संथ होते, पण तयार होणारे पत्र कोणाही साक्षराला थेट वाचता येई. डोळसांच्या जगाकडे जाणारा हा पूल दोन अंध मित्रांनी बांधला, या गोष्टीला इतिहासात मिळायला हवे तेवढे महत्त्व मिळालेले नाही.

विसाव्या शतकात मधल्या व्यक्तीवाचून जगता येण्याच्या या विचाराला तात्त्विक बैठक मिळाली. पोलिओमुळे मानेखाली जवळपास सर्व हालचाल गमावलेला एड रॉबर्ट्स १९६२ साली अमेरिकेतील बर्कली विद्यापीठात दाखल झाला. तो प्रेमात पडला तेव्हा खुर्ची ढकलणारा मदतनीस सतत जवळ असणे त्याला अडचणीचे वाटू लागले, आणि विजेवर चालणारी चाकाची खुर्ची चालवायला तो शिकला. त्याच्यासारख्यांच्या चळवळीने स्वावलंबनाचा अर्थच बदलला: सर्व कामे आपल्या हातांनी करणे म्हणजे स्वावलंबन नव्हे, तर मदत कोणाची, केव्हा आणि कशी घ्यायची हे स्वतः ठरवता येणे म्हणजे स्वावलंबन. मित्राने पुस्तक वाचून दाखवणे आणि आपण ते ऐकणे यात उणेपणा नाही. उणेपणा येतो तो दुसरा मार्गच नसतो तेव्हा.

आज वाचून दाखवण्याचे तेच काम स्क्रीन रीडर, म्हणजे पडद्यावरील मजकूर आवाजात वाचून दाखवणारी संगणकप्रणाली, करते. बाजारातील अशा प्रणाली महाग असल्याने मायकेल करन या अंध ऑस्ट्रेलियन तरुणाने २००६ मध्ये एनव्हीडीए ही मोफत प्रणाली लिहायला घेतली आणि लहानपणी संगीत शिबिरात भेटलेला त्याचा अंध मित्र जेम्स तेह पुढे या कामात सहभागी झाला. ती मराठीही वाचते, मात्र मजकूर युनिकोड या सर्व लिपींसाठीच्या अक्षरसंकेत पद्धतीत असेल तरच. जुन्या फाँटांत टंकलेली सुरेख मराठी तिच्या लेखी निरर्थक चिन्हांची रांग असते. फोनवर आलेल्या चित्राचीही अशीच गत होते. मित्राने लग्नपत्रिकेचे छायाचित्र पाठवले की कित्येकदा फोन केवळ ‘फोटो’ एवढेच उच्चारतो, आणि मुहूर्त, कार्यालय, आग्रहाचे निमंत्रण हे सारे घरातल्या कोणाकडून तरी वाचून घ्यावे लागते. छायाचित्रातील अक्षरे ओळखणारी साधने आता आली असली तरी वेलबुट्टीतल्या वळणदार देवनागरीपुढे ती अजून अडखळतात; त्यामुळे पत्रिकेखाली तारीख, वेळ आणि पत्ता टंकून पाठवणारा मित्र टुरीच्या यंत्राचे उरलेले काम करत असतो.