मुरलीचे सातवे छिद्र

गोकुळाष्टमीस हैदराबादेत देवापुढे लांब बासरी वाजली, तेव्हा एका वृद्ध गृहस्थांनी आम्हांस विचारले, "ही का श्रीकृष्णाची मुरली?" प्रश्न केवळ वाद्याचा नव्हे. रूढ वस्तूत फेरफार करणारा परंपरेचा अपराधी ठरतो काय?

म्यूनिकचे थेओबाल्ड बोएम यांनी १८४७ साली धातूची समव्यासाची नळी घेऊन ध्वनिशास्त्राच्या हिशेबाने छिद्रे पाडली. बोटे पोचेनात म्हणून चाव्या बसविल्या. आपल्याकडे पन्नालाल घोष (१९११–१९६०) यांनी रागविस्तारासाठी सुमारे ३२ इंची बासरी घडविली, सातवे छिद्र जोडले. परंतु वेळू आणि उघडे बोट सोडले नाही. कारण छिद्र अर्धवट झाकणाऱ्या बोटानेच मींड साधते. त्यांचे शिष्य व जामात देवेंद्र मुर्डेश्वर यांनी तोच मार्ग चालविला.

न्यायालयात रूढी किती जुनी, हे पाहतात. येथे ती कशासाठी, हे पाहावे लागते. या कसोटीवर आम्ही दोघांनाही निर्दोष मानतो. देवळातील आचार बदलतानाही हीच कसोटी लावावी. मात्र त्या वृद्धांची शंका आम्ही टाकाऊ समजत नाही. विचारणारा कोणी नसेल, तर काय राखावयाचे याचा विसर सुधारकास सहज पडतो.